सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दिवसभर बोटं नाडीवरच. काय करू?

अर्धी_रात्र

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज लिहायचा धीर केला. मोठं होणार आहे, आधीच माफी मागते.

सात महिन्यांपूर्वी रात्री पावणेदोनला झोपेतून दचकून उठले. स्वप्न वगैरे काही नव्हतं, सरळ छातीत धाडधाड, श्वास आत जातोय पण पुरतच नाहीये, ओठ बधीर, आणि हात तर असे वळले की पाची बोटं एकमेकांना चिकटून पक्ष्याच्या चोचीसारखी झाली, सोडवता सुटेनात. नवऱ्याला म्हटलं, मी चालले. इमर्जन्सीत पोचेपर्यंत निम्मं कमी झालेलं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीये का ते सांगणारी रक्ततपासणी) दोनदा, सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" आणि घरी पाठवलं. काही नाही?! माझे हात वाकडे झालेले मी स्वतः बघितले होते.

त्यानंतर अजून पाच अटॅक आले. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ट्रेडमिल टेस्ट झाली, होल्टर (ठोके सतत नोंदवणारं यंत्र) चोवीस तास लावून झाला, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर सगळं झालं. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेले, पॅनिक डिसऑर्डर म्हणाले, एसएसआरआय गटातली (नैराश्य-चिंतेवर देतात ती) गोळी सुरू केली. अडीच महिने झाले. अटॅक जवळजवळ थांबलेत, हे मान्य.

पण भीती गेली नाहीये. दात घासताना उजव्या हातात ब्रश आणि डाव्या हाताची दोन बोटं मानेवर, असं माझं चालू असतं. घड्याळावर पल्स ९५ दिसली की पोटात गोळा, मग ती ११० होते, मग अजून गोळा. गरम पाण्यानं अंघोळ केली की धडधडतं म्हणून कोमट. कोणी खूप हसवलं तरी मी मध्येच थांबते. लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणून लिफ्ट नको, जिन्यानं धडधडतं म्हणून जिना नको, म्हणजे आता मी तळमजल्यावरच आयुष्य काढायचं का?

तीन गोष्टी डोक्यातून जातच नाहीत. एक, ठोका मध्येच चुकल्यासारखा होतो ते काय असतं. दोन, बाहेर कुठेतरी चक्कर येऊन पडले तर. आणि तीन, सहा वेळा पॅनिक होता पण सातव्या वेळी खरंच हार्ट असलं तर??

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी प्लीज लिहा. "पॉझिटिव्ह विचार कर" घरचे रोज सांगतात, ते नको.

---

सरळसाधा

ताई डोळे मिटून खोल खोल श्वास घ्यायचा, छाती पूर्ण भरून, दहा वेळा. आणि मन कामात गुंतवा. आपोआप जाईल.

---

पहाटेचा_गजर

सरळसाधा, भावना चांगली आहे पण अटॅक चालू असताना खोल खोल श्वास म्हणजे आगीत तेल. त्यावर येतो पुढे.

अर्धी_रात्र, तुझं वाचताना मला माझीच डायरी वाचतोय असं झालं. मला सहा वर्षांपूर्वी सुरू झालं, दीड वर्ष मी नाडी मोजण्यात घालवलं, त्यात आमच्याकडे पल्स ऑक्सिमीटर पण होता म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बाथरूमला जाताना पण खिशात. ९८ दाखवलं तरी काढून दुसऱ्या बोटाला लावून बघायचो, हे बोट खोटं बोलत असलं तर!

आधी तुझ्या हातांचं सांगतो कारण ते "काही नाही" नव्हतंच. घाबरल्यावर आपण भराभर आणि मोठे श्वास घेतो, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की रक्त जरा अल्कलाइन होतं, त्यानं रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा चिडतात, म्हणून ओठ आणि बोटांना मुंग्या, आणि जास्त झालं तर हात तू लिहिलंस तसा चोचीसारखा वळतो. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पण थोड्या आकसतात, त्यातून गरगरणं आणि सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटणं. आणि गंमत म्हणजे या सगळ्यात ऑक्सिजन भरपूर असतो, तरी वाटतं मात्र गुदमरल्यासारखं. म्हणजे तू अजून जोरात श्वास ओढतेस, म्हणजे अजून मुंग्या. म्हणून खोल नाही, हळू आणि छोटा श्वास, आणि सोडताना जास्त वेळ. तोंडावर कागदी पिशवी धरायची जुनी युक्ती कोणी सांगेल, ती करू नकोस, खरंच दमा किंवा हृदयाचं काही असलं तर त्यानं घात होतो.

मला हे इमर्जन्सीतल्या त्या माणसानं दोन मिनिटं काढून सांगितलं असतं ना तर पुढचं अर्धं वर्ष वाचलं असतं.

चक्कर येऊन पडण्याबद्दल. बेशुद्ध व्हायला साधारणपणे बीपी खाली यावं लागतं, पॅनिकमध्ये ठोके आणि बीपी दोन्ही वर जातात. म्हणून गरगरतं पण माणूस सहसा पडत नाही. (रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांचं वेगळं, त्यांचं बीपी खरंच धपकन पडतं.) मी दीड वर्षात अंदाजे चाळीस वेळा "आता पडतो" म्हणून भिंत धरली. पडलो शून्य वेळा. पण माझं डोकं काय म्हणायचं माहितीये? भिंत धरली म्हणून वाचलास!!

आणि हीच सगळी मेख आहे. भिंत, ऑक्सिमीटर, नाडीवरची बोटं, कोमट पाणी, हे सगळं तू वाचायला म्हणून करतेस, पण प्रत्येक वेळी शरीराला हाच निरोप जातो की धोका होता आणि मोजलं म्हणून टळला. तुझी अटॅकची भीती गोळीनं कमी केलीये, धडधडीची भीती तू रोज स्वतःच्या हातानं पाणी घालून वाढवतेयस. रागावू नकोस, मी पण हेच केलंय.

---

शंकेखोर_२

गजर तुमचं पटतं पण तिचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. खरंच हार्ट असलं तर? मला पण हेच होतं आणि "काही होत नाही" हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही ना.

---

ओपीडीतून_घरी

मी डॉक्टर आहे, सायकियाट्रीतली नाही, आणि इथल्या कोणाचीच डॉक्टर नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून घ्या.

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. आयुष्यात पहिल्यांदा छातीत असं काही झालं तर तपासायलाच हवं, घरी बसून "पॅनिक असेल" हे कोणीही ठरवू नये. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं कधीकधी छातीत कळ न येता नुसता दम लागणं, मळमळ, विचित्र थकवा अशी पण येतात, आणि मग बाई आहे, टेन्शन असेल म्हणून घरी पाठवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चालताना-चढताना येणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दुखणं, जबड्याकडे किंवा हातात जाणारी दाबल्यासारखी कळ, खरोखर शुद्ध हरपणं, एका बाजूची ताकद जाणं, यात थांबायचं नाही, लगेच जायचं. नेहमीच्या अटॅकपेक्षा काहीतरी वेगळंच वाटत असेल तरी जा, कोणी हसणार नाही.

पण अर्धी_रात्र, तुमची ट्रेडमिल टेस्ट झालीये. म्हणजे तुमचं हृदय मुद्दाम पळवून, वायरी लावून, समोर माणूस बसवून बघितलंय. तुम्ही जिन्याला घाबरता पण त्या पट्ट्यावर त्याहून जास्त धडधड काढून आलात. यानंतर अजून एका एकोनं तुम्हाला जी शांती मिळेल ती फार तर आठवडाभर टिकेल. आमच्याकडे असे पेशंट रिपोर्टची जाडजूड फाइल घेऊन येतात, फाइल जितकी जाड तितकी भीती जास्त, उलट कधी बघितलं नाही.

चुकलेला ठोका म्हणजे बहुतेक वेळा एक ठोका जरा लवकर पडतो, मग एक पॉज, आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो कारण तोवर हृदयात रक्त जास्त भरलेलं असतं. एक्टोपिक म्हणतात. निरोगी माणसांच्या होल्टरमध्ये पण हे दिसतात, त्यांना कळत नाही एवढाच फरक. तुमच्याही होल्टरमध्ये एक-दोन असतील, रिपोर्टमध्ये शोधत बसू नका आता!

झोपेतून येणारा अटॅक ही पण ओळखीची गोष्ट आहे. तो बहुधा स्वप्नांच्या झोपेत येत नाही, झोप गाढ होत जाते तेव्हा येतो, म्हणून तुम्हाला स्वप्न आठवत नाही.

गोळ्यांचं एकच. एसएसआरआय बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, कमी करायची ती डॉक्टरच्या हिशोबानं. आणि कोणी "अटॅक आला की ही घे" म्हणून झोपेच्या गटातली गोळी दिली असेल तर तिची सवय लागते, नियमित घेत असाल तर एकदम तोडायची पण नाही. काही लोकांना ती नुसती पर्समध्ये लागते, घेत नाहीत पण नसली तर घराबाहेर पडत नाहीत. ती गोळी न घेता पण सवय लागलेली आहेच.

---

अर्धी_रात्र

ओपीडी ताई, पर्समधल्या गोळीचं वाचून एकदम चोरी पकडल्यासारखं झालं. मला दिलेली पहिल्या महिन्यातली एक पट्टी आहे, दोनच घेतल्या, बाकी पट्टी पर्सच्या आतल्या कप्प्यात. परवा पर्स बदलली आणि गेटपर्यंत जाऊन परत आले.

गजर दादा, हातांचं आज सात महिन्यांनी कळलं. थँक यू. पण नाडी बघायची थांबवायची कशी? मी ठरवते आणि दहा मिनिटांनी बोटं तिथेच. हात माझं ऐकतच नाही.

---

पहाटेचा_गजर

एकदम थांबत नाही. मला थेरपिस्टनं सांगितलं होतं की बंदी घालू नकोस, उशीर कर. बघावंसं वाटलं की पाच मिनिटांनी बघ. मग पंधरा. पाच मिनिटांनी बघितल्यावर बऱ्याचदा कळतं की आता बघायची तेवढी घाई राहिली नाही. घड्याळ मात्र काढलंच, त्याला उशीर वगैरे नाही, ते आधी मनगटावरून उतरव. वेळच बघायची तर भिंतीवरचं आहे की.

आणि दुसरं जे केलं ते ऐकून मला वाटलं होतं ही बाई वेडी आहे. तिनं मला फिरत्या खुर्चीवर बसवून एक मिनिट गरागरा फिरवलं. मग नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास. मग जागच्या जागी पळणं, मग एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास. आणि प्रत्येक वेळी मध्ये काही करायचं नाही, पाणी नाही, भिंत नाही, नाडी नाही, नुसतं बसून बघायचं की वर चढलेलं खाली कसं येतं. भराभर श्वासानंतर पंचेचाळीस सेकंदांत माझ्या बोटांना त्याच मुंग्या आल्या. दीड वर्ष ज्याला मरण समजत होतो ते मी ऑफिसच्या खुर्चीत बसून स्वतः तयार केलं होतं. हसायला आलं, खरंच, आणि जरा रडायला पण.

हे पहिल्यांदा एकटीनं करू नकोस, ज्याला येतं त्याच्याबरोबर कर. दमा, फिट्स, हृदयाचं काही, किंवा दिवस गेलेले असतील तर आधी विचारायचं.

---

पुस्तकी_किडा

थोडं अवांतर, पण माझ्यासारख्या माणसाला याचा फार उपयोग झाला म्हणून लिहितो. हे आपल्याच पिढीचं फॅड नाही. १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं, छातीत धडधड, कळा, दम, आणि हृदयाचा असा आजार सापडत नाही. त्यानं त्याला चिडकं हृदय म्हटलं. पॅनिक डिसऑर्डर हे नाव अमेरिकन सायकियाट्रिस्ट लोकांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं, म्हणजे मधली शंभरेक वर्षं लोक हृदयाच्या नावानंच घाबरत होते. आणि गजर जे सांगतायत ते १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं नीट मांडलं, की साध्या धडधडीचा आपण "मी मरतोय" असा अर्थ लावतो, त्या अर्थानं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्याच अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. मला वर्तुळ काढून दाखवलं तेव्हा कळलं की मी त्यात कुठे उभा असतो.

अजून एक भारी गोष्ट. मेंदूत अमिग्डाला म्हणून भाग असतो, भीतीचं केंद्र म्हणतात त्याला. एक बाई आहे जिचा तो भाग दोन्ही बाजूंनी निकामी आहे, तिला साप-कोळी कशाचीच भीती वाटत नाही. २०१३ मध्ये तिच्यावरचा प्रयोग छापून आला, तिला जास्त कार्बन डायऑक्साइडची हवा हुंगायला दिली तर तिलासुद्धा पॅनिक झाला! म्हणजे गुदमरण्याची घंटा शरीरात किती खोल बसवलेली आहे बघा. आपण भित्रे म्हणून ती वाजते असं नाही, हे कळल्यावर मला स्वतःची लाज वाटायची थांबली.

---

दारापाशी

मी पलीकडच्या बाजूचा. बायकोला चार वर्षं हा त्रास होता. नवऱ्याला पण हे वाचायला दे.

ती दिवसातून पंधरा-वीस वेळा हात पुढे करायची, बघ ना बरोबर आहे का. मी मोजायचो, "७८, मस्त आहे", तिचा चेहरा सुटायचा, मला वाटायचं किती चांगला नवरा आहे मी. अर्ध्या तासानं परत हात पुढे. तिच्या थेरपिस्टनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, तिच्या घड्याळाची बॅटरी तुम्ही आहात. लागलं मला ते. मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, हात पुढे आला की मी हात धरणार, पण मोजणार नाही. पहिले दोन आठवडे घरात महाभारत. "तुला माझी काळजीच नाही" इथपर्यंत गेलं. मी फक्त म्हणायचो, घाबरलीयेस ते दिसतंय, मी इथेच आहे, आकडा सांगणार नाही. हे दोघांनी आधी ठरवलेलं हवं हां, भर अटॅकमध्ये एकदम नवीन नियम काढाल तर भांडण पक्कं.

आणि "शांत हो, शांत हो" कधी म्हणू नका. म्हणून बघितलंय.

---

सरळसाधा

खोल श्वासाचं माहिती नव्हतं, माझं मागे घेतो. मला स्वतःला मात्र चहा-कॉफी तोडल्यावर बराच फरक पडला होता.

---

पहाटेचा_गजर

कॉफीनं धडधड वाढते हे खरंच आहे, सुरुवातीला कमी करणं ठीक. मी मात्र शेवटी थेरपीचा भाग म्हणून मुद्दाम एक कप प्यायलो होतो, कारण "कॉफी नको" ही पण माझी एक भिंतच झाली होती.

---

अर्धी_रात्र

पाच आठवड्यांनी आले, उत्तरं दिलेल्या सगळ्यांना काय झालं ते सांगायला हवं म्हणून.

घड्याळ त्याच दिवशी काढलं. पहिले चार दिवस मनगट सारखं उचलून बघत होते, तिथे नुसता पांढरा पट्टा. मानेवरची बोटं अजून जातात पण मोजायच्या आत कळतं, काढून घेते. नाडी मोजणं दिवसाला साठ-सत्तर वरून (हो, मी मोजलं होतं, मोजण्याची पण मोजणी!) सात-आठवर आलंय. नवऱ्याला दारापाशी यांची पोस्ट वाचून दाखवली, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, बॅटरी काय, मी तर चार्जर आहे.

थेरपिस्ट मिळाल्या. खुर्ची झाली, स्ट्रॉ झाला. भराभर श्वास तीन वेळा टाळला, परवा केला. बोटं वळायच्या बेतात आली तेव्हा मी जोरात रडायला लागले, त्या काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. साधारण चार मिनिटांत बोटं आपली आपण सुटली. मी काहीही केलं नव्हतं.

मध्ये एक मोठा अटॅक पण येऊन गेला, बारा-पंधरा मिनिटं, लिफ्टच्या रांगेत. हे लिहावं की नाही असं झालं होतं. तो काही मी हसतखेळत घेतला नाही, भयंकर होता, नंतर दुपारभर अंगात त्राण नव्हतं. पण हॉस्पिटलला गेले नाही, आणि लिफ्ट सोडून दिली म्हणून जिन्यानं गेले. तिसरा मजला. वर पोचल्यावर छाती धाडधाड उडत होती आणि पहिल्यांदाच मला नक्की माहीत होतं की ती कशानं उडतेय.

गोळ्यांची पट्टी अजून पर्समध्येच आहे. थेरपिस्ट म्हणाल्या आधी पर्समधून घरातल्या ड्रॉवरमध्ये. बघू, पुढच्या आठवड्यात.

---

शंकेखोर_२

तिसरा मजला वाचून बरं वाटलं. मी अजून ऑक्सिमीटरवाला आहे. आज डावं बोट झालं, उजवं बाकी आहे, ते पंधरा मिनिटांनी बघतो.